उशिराचं कारण

गोल्फ हा निवांत खेळायचा खेळ आहे असं ज्याला कुणाला वाटत असेल, त्याचा एक रविवार आमच्या गार्डमामांच्या ताब्यात द्यायला हवा होता. दुसऱ्या होलपर्यंत त्याचा निवांतपणा उतरला असता आणि पाचव्यापर्यंत तो पळायला लागला असता. मी बघितलेत तसे पळणारे. मोठमोठ्या गाड्यांतून आलेले, पांढऱ्या टोप्या घातलेले पुण्याचे लोक, हातात काठी धरून गवतातनं धावतायत आणि मागून शिट्टी वाजतेय.

आमचं गोल्फ वरवंडजवळ, हायवेपासून थोडं आत. नऊ होलांचं. पुण्याच्या एका साहेबांनी जमीन घेऊन केलेलं. आसपासच्या गावांत त्याला कुणी गोल्फ कोर्स वगैरे म्हणत नाही, 'गवत' म्हणतात. "कुठं कामाला?" "गवतावर." मी गवतावर काउंटरला होते. कोण किती वाजता खेळायला सुटणार ते लिहायचं, लिंबूसरबत सांगायचं आणि ज्यांचा चेंडू हरवला त्यांच्याशी सहानुभूतीनं बोलायचं. हे शेवटचं मला कधी जमलं नाही. एवढ्या मोठ्या रानात एवढासा चेंडू स्वतःच्या हातानं मारायचा आणि मग तो कुठं गेला म्हणून मला विचारायचं? मी काय त्याच्याबरोबर गेले होते?

रविवारी तर नको नको व्हायचं. चौघाचौघांचे गट दर दहा मिनिटांनी सोडायचे. पण पहिला गट रेंगाळला की मागचे सगळे अडकतात. कुणाला पुढं जाता येत नाही, एकेका होलपाशी तीन तीन गट कमरेवर हात ठेवून उभे. सातला सुरू झालेला खेळ दोन वाजले तरी संपायचा नाही. पुण्याचे लोक येऊन माझ्यावर ओरडायचे आणि त्यांच्या बॅगा वाहणाऱ्या आमच्या कॅडी बायका, त्या पण माझ्यावरच ओरडायच्या, कारण घरी लेकरं उपाशी आणि केडगावची गाडी चुकलेली. शेवटी साहेब म्हणाले, आपण एक मार्शल ठेवू. मार्शल म्हणजे मैदानावर फिरून लोकांना 'जरा हात चालवा' म्हणणारा माणूस.

मुलाखतीला आला तो कडक इस्त्रीच्या पांढऱ्या कपड्यांतला, सडपातळ, साठी उलटलेला गृहस्थ. काखेत गुंडाळलेले दोन झेंडे, एक लाल, एक हिरवा. गळ्यात शिट्टी. राहणार केडगाव, मिशनच्या मागं. दौंडला रेल्वेत गार्ड म्हणून सगळी नोकरी केलेली.

"गोल्फ माहितीय का?" साहेबांनी विचारलं.

"नाही."

"मग?"

"गाडी माहितीय. एकामागून एक सोडायच्या, मधे अंतर राखायचं, कुणी कुणावर आदळायचं नाही आणि वेळेवर पोचायचं. तुमच्या खेळात याच्यापेक्षा जास्त काही आहे का?"

साहेबांनी माझ्याकडं बघितलं. मी मान हलवली, नाही, जास्त काही नाही.

दुसऱ्या दिवसापासून प्रत्येक गटाची गाडी झाली. मामांना माणसांची नावं कधी पाठ झाली नाहीत. कुणी कितीही मोठा असो, तो 'सात-वीसमधले जाड गृहस्थ' किंवा 'सात-पन्नासची लाल टोपी'. नऊ होलला दोन तास दहा मिनिटं, हे त्यांचं टाइमटेबल. चेंडू हरवला तर शोधायला तीन मिनिटं, हा खेळाचाच नियम आहे, पण तो पाळताना मी आधी कुणाला बघितलं नव्हतं. मामा घड्याळ काढून उभे राहायचे आणि तीन मिनिटं झाली की जाहीर करायचे, "चेंडू मयत. दुसरा काढा." काही लोक मारायच्या आधी चार चार वेळा नुसतीच काठी हवेत फिरवतात. त्यांना म्हणायचे, "हवेला किती मारणार? तिनं काय केलंय तुमचं?"

गोल्फमधे म्हणे ज्याचा चेंडू सगळ्यांत मागं, त्यानं आधी मारायचं. मग तो मागचा फोनवर बोलत असला तरी बाकीचे तिघं शहाण्यासारखे उभे. मामांनी ते मोडून काढलं. "ज्याचा सिग्नल पडलाय त्यानं निघावं. मानपान जेवणाच्या पंगतीत." कॅडी बायकांना त्यांनी एक युक्ती शिकवली. खड्ड्यापाशी पोचल्यावर बॅग मागं ठेवायची नाही, पुढच्या होलच्या वाटेवर नेऊन ठेवायची. म्हणजे चेंडू खड्ड्यात गेला की माणूस बॅगेसाठी मागं फिरत नाही, पुढंच चालतो. एवढ्याशा गोष्टीनं वीस मिनिटं वाचली. बायका खूश. पहिल्याच महिन्यात सगळ्या जणी गाडी गाठायला लागल्या आणि मामांसाठी डब्यातून काहीबाही आणायला लागल्या. मामा ते सगळं चालता चालता खायचे. उकडलेलं अंडं चालता चालता सोलणारा दुसरा माणूस मी बघितला नाही.

गंमत म्हणजे ते स्वतः कधी पळाले नाहीत. एका ठरावीक चालीनं चालायचे आणि तरी जिथं कुणी रेंगाळतंय तिथं नेमके हजर. एकदा कुणी बडे पाहुणे तिसऱ्या होलवर खुर्ची टाकून बसले, तर मामा टोपी काढून म्हणाले, "देवबापानं सहा दिवसांत अख्खं जग उरकलं, साहेब. तुम्हाला नुसती नऊ भोकं." पाहुणे हसत हसत उठले. दुसरं कुणी बोललं असतं तर त्याच दिवशी घरी गेलं असतं.

आणि त्यांचं रजिस्टर! रेल्वेत गार्डाला प्रवासाची वही लिहावी लागते, तशी त्यांनी इथं स्वतःहून सुरू केली. सुटण्याची वेळ, पोचण्याची वेळ, उशीर आणि शेवटचा रकाना 'कारण'. उशीर झाला की कारण हवंच, आणि एका शब्दात. 'चेंडू'. 'मोबाईल'. 'साप'. एका गटापुढं 'नवराबायको' असं लिहिलं होतं आणि मी त्याबद्दल विचारल्यावर "प्रवाशांच्या खासगी गोष्टी बोलायच्या नसतात" असं मलाच ऐकवलं. संध्याकाळी ते रजिस्टर मी कॉम्प्युटरवर चढवून साहेबांना पाठवायची.

गोळ्याची हकिगत सांगितल्याशिवाय मात्र मामा पुरे होत नाहीत. आमच्या सहाव्या होलला मधेच टेकाड आहे, पलीकडचं काही दिसत नाही. एकदा मागच्या गटाचा चेंडू टेकाडावरून येऊन एका कॅडीबाईच्या पाठीत बसला. मामा त्या रात्री जेवले नाहीत म्हणे. जुन्या काळी एकेरी लाइनवर ड्रायव्हरच्या हातात लोखंडी गोळा द्यायचे. ज्याच्याकडं गोळा, त्याचीच गाडी त्या पट्ट्यात. मामांनी दौंडच्या लोहाराकडून तसला गोळा करून आणला, चामड्याच्या पिशवीत घातला आणि हुकूम काढला. टेकाड चढताना गोळा घ्यायचा, पलीकडं उतरलं की कॅडीबाईनं तो मागच्यांना आणून द्यायचा. महिनाभर अगदी झकास चाललं. मग एका रविवारी पुण्याचे एक डॉक्टर तो गोळा बॅगेत टाकून, खेळ संपवून, गाडीत बसून निघून गेले.

मामा सहाव्या होलवर लाल झेंडा पसरून उभे. मागं एक गट, दोन गट, पाच गट. साहेब स्वतः धावत आले.

"अहो, पुढं कुणी नाहीये! सगळं मोकळं आहे!"

"दिसतंय का इथून?"

"दिसत नाही, पण..."

"दिसत नाही म्हणूनच गोळा. गोळा नाही, गाडी नाही."

मी डॉक्टरांना फोन लावला. ते हडपसरच्या पुढं पोचले होते. तिथून बिचारे वळले आणि स्वतः गोळा घेऊन परत आले, मामांच्या हातात देताना कान पकडायचेच बाकी ठेवले. दीड तास गवतावर कुणी हललं नाही. रजिस्टरमधे त्या दिवशी सगळे गट उशिरा आणि सगळ्यांपुढं एकच कारण, 'डॉक्टर'. साहेबांनी गोळा बंद केला आणि टेकाडापलीकडं, उतरल्यावर वाजवायला, घंटा टांगली. मामा चार दिवस माझ्याशी पण बोलले नाहीत.

आता आबा. गोल्फची अर्धी जमीन आबांची होती. गावचे जुने कारभारी, सोसायटीत वजन असलेला माणूस. मुलं पुण्याला, पिंपरीला नोकरीला, रान कसायला कुणी नाही, म्हणून विकली. विकताना आबांनी साहेबांकडून शब्द घेतला, की मी जिवंत असेपर्यंत रविवारी सकाळी इथं खेळीन. खेळाशी त्यांचं काही देणंघेणं नव्हतं, हे शेंबडं पोरसुद्धा सांगेल. धोतर, पांढरी टोपी, कॅनव्हासचे बूट आणि दोनच काठ्या. पण उजाडायच्या आत फाटकावर हजर, त्यामुळं पहिला नंबर त्यांचाच. एकटेच खेळायचे, आणि एकटा माणूस चौघांपेक्षा सावकाश खेळू शकतो हे मला आबांमुळं कळलं. दर पन्नास पावलांवर थांबायचे. "हितं भुईमूग. हितं आंब्याचं झाड व्हतं. हितं बैल बसला आन् उठलाच न्हाई." मागं सगळं पुणं खोळंबलेलं.

सगळ्यांत मोठा मुक्काम चौथ्या होलला. तिथं आबांची विहीर आहे. वर जाळी टाकलीय, तिचंच पाणी गवताला देतात. आबा तिथं पोचले की काठी खाली ठेवायचे, जाळीतून एक खडा आत सोडायचे आणि कान देऊन ऐकायचे. मग जो जवळ असेल त्याला सांगायला सुरुवात करायचे, "बावन्न फूट. दोन उन्हाळं खांदली. चाळीसाला कातळ लागला, तवा..." इथपर्यंत आलं की मामांची शिट्टी वाजायची. पुढं काय झालं ते कुणी ऐकलंच नाही.

दोघांचं पटणं शक्यच नव्हतं. मामा रजिस्टरमधे लिहायचे, 'विहीर'. दर रविवारी, 'विहीर'. आबा म्हणायचे, "ह्यो गार्ड माझ्या रानात मलाच हाकतो. मेंढरू हाय का मी?"

मग साहेबांनी नियम काढला. एका महिन्यात तीन रविवार उशीर झाला, की त्या खेळाडूला रविवार बंद. कुणाचं नाव घेतलं नव्हतं, घ्यायची गरजही नव्हती. दिलेला शब्द कागदावर कुठंच नव्हता. नियम निघाल्यापासून त्या महिन्यात आबांचे दोन उशीर चढले होते आणि एक रविवार बाकी होता. आबांना कळलं, तेव्हा काउंटरवर येऊन म्हणाले, "बाई, मंगळवारी बोलावतील का मला?" मी म्हटलं, मंगळवारी या ना. तर म्हणाले, "रविवार सोडून रोज पाण्याचा पंप चालू असतो. खडा टाकला तर आवाज येत न्हाई." एवढं बोलून गेले. मी त्यांचे दोन उशीर पुन्हा मोजून बघितले. एरवी त्या म्हाताऱ्यावर सगळ्यांत जास्त चिडणारी मीच होते.

शनिवारी मी मामांना म्हटलं, "मामा, उद्या वीस मिनिटं कमी लिहा. कुणाला कळतंय?"

मामांनी चष्म्यावरून माझ्याकडं बघितलं. "पोरी, माझी गाडी घाटात तुटली होती. चूक माझी होती. मी तीही खरी लिहिली आणि शिक्षा घेतली. या वहीत एक मिनिट खोटं येणार नाही."

"मग टाका म्हाताऱ्याला बाहेर!" मी ओरडलेच. "तुमची वही खरी ठेवा आणि झोपा निवांत!"

मामा उठले. रजिस्टर काखेत मारून केडगावला निघून गेले. एरवी ते कधी घरी न्यायचे नाहीत.

रविवारी सात वाजता आबा सुटले. मी काउंटर सोडून मागोमाग गेले, नोकरीत पहिल्यांदाच. चौथ्या होलला विहिरीपाशी मामा उभे होते. मागं सात-दहावाले येऊन थांबलेले दिसत होते.

"आबा," मामा म्हणाले, "इथं बाजूला थांबा. मागच्यांना पुढं जाऊ द्या."

आबांचा आवाज चढला. "बाजूला? मी? माझ्या रानात, माझ्या हिरीवर, मी बाजूला व्हायचं? कुणासाठी, ह्या टोपीवाल्यांसाठी? त्यापरीस बंद करा माझा रविवार!"

"आबा, मी मालगाडीचा गार्ड होतो."

आबांनी मान वर करून बघितलं. मी पण. आम्ही सगळे इतकी वर्षं मामांना एक्स्प्रेसचेच गार्ड समजत होतो.

"सगळी नोकरी मालगाडीवर. मालगाडीला मेन लाइनवर कुणी उभं राहू देत नाही. पाटसला लूपमधे, म्हणजे बाजूच्या रुळावर घाला, कडेठाणला लूपमधे घाला. मागून एक्स्प्रेस येणार, ती जाईस्तोवर थांबा. सुरुवातीला मला फार लागायचं. मग माझ्या उस्तादानं दाखवलं. शेजारून गाडी जाते तेव्हा उभ्या गाडीचा गार्ड खाली उतरतो, तिची चाकं बघतो आणि सगळं ठीक असेल तर हिरवा झेंडा दाखवतो. जाणाऱ्या गाडीचा गार्ड तो झेंडा बघत असतो. एवढी एक्स्प्रेस, पण सगळं ठीक आहे हे तिला सांगणारा लूपमधला माणूस." मामांनी काखेतला हिरवा झेंडा काढून आबांपुढं धरला. "हे तुमचं रान. तुम्ही झेंडा दाखवल्याशिवाय इथून कुणी पुढं जाणार नाही. मीसुद्धा नाही."

आबांनी झेंड्याकडं बघितलं, मामांकडं बघितलं.

"आन् त्यो लाल?"

"तो माझ्याकडं राहील."

"का बरं?"

"तुम्ही सगळ्यांनाच थांबवाल."

आबा हसले. धोतराचा सोगा सारखा केला, विहिरीच्या काठाला ताठ उभे राहिले आणि सात-दहावाल्यांना असा झेंडा दाखवला की ते टोप्या काढून गेले. सात-वीस गेले. सात-तीस गेले. आबांनी एकेकाला वरपासून खालपर्यंत बघून घेतलं, चाकं तपासल्यासारखं. मग खडा टाकला, आवाज ऐकला आणि सावकाश पुढं गेले.

पोचायला दोन तास एकेचाळीस मिनिटं लागली. मामांनी तेवढीच लिहिली. खाली लिहिलं, लूपमधे चौतीस मिनिटं, वजा. राहिले दोन तास सात. वेळेवर. संध्याकाळी साहेबांचा फोन आला, मी स्पीकर चालू केला.

"हे वजा काय प्रकरण आहे?"

"मागच्या गाडीला वाट देण्यात गेलेला वेळ त्या गाडीच्या नावावर लागत नाही. नियम आहे."

"कुठला नियम?"

"रेल्वेचा."

"आपण रेल्वे आहोत का, मामा?"

"ते मला माहीत नाही साहेब. पण आज सगळ्या गाड्या वेळेवर आल्या."

त्या दिवसानंतर आबांचा उशीर कधी लागला नाही. पुण्याची मंडळी तर विहिरीपाशी आली की आपणहून थांबून झेंड्याची वाट बघायला लागली. कुणी गडबडीत तसाच पुढं गेला, तर आबा त्याला परत बोलवायचे.

दोन वर्षांनी मामांचे गुडघे गेले. ऑपरेशन झालं, नोकरी सुटली. मार्शल म्हणून एक पोरगा आला, तो बॅटरीच्या गाडीत बसून फिरतो आणि सगळ्यांना सॉरी म्हणतो. मामा नाहीत म्हणून मला इतकं उदास वाटेल असं वाटलं नव्हतं. गवतावर शिट्टी नसली की सगळं कसं रिकामं रिकामं वाटायचं.

सहा-सात महिन्यांनी एका रविवारी सकाळी फाटकावर रिक्षा थांबली आणि मामा उतरले, हातात काठी. भेटायला आले होते. थंडीचे दिवस, पहिला गट आठला सुटायचा, आबा तयारीतच होते. म्हणाले, "चला गार्ड, आज तुमी बी मारा." मामांनी आयुष्यात एकदाही चेंडूला काठी लावली नव्हती. आबांनी आपली एक काठी त्यांना दिली आणि दोघं आठ वाजता निघाले.

मी काउंटरवरून बघत होते. मामा चार पावलं टाकायचे, थांबायचे. आबा त्यांच्यासाठी थांबायचे. मागून गटामागून गट येत होते, विहिरीपाशी आबांचा झेंडा हलत होता आणि सगळे निघून जात होते. नऊ वाजले, दहा वाजले. सगळे गट जाऊन चौथं होल ओस पडलं, तरी विहिरीच्या काठावर दोन पांढऱ्या टोप्या तशाच बसलेल्या. बारा वाजता दोघं परत आले. चार तास. गवतावर इतका वेळ आजवर कुणी घेतला नव्हता.

"मामा, लूपचा वेळ वजा करते," मी म्हटलं.

"आण इकडं रजिस्टर." मामा खुर्चीत बसले. "वजा कशाला? शेवटची गाडी साडेनऊला गेली. त्याच्या आधी काय, नंतर काय, आम्ही गाड्यांसाठी थांबलो नव्हतो. नुसते बसलो होतो."

"एवढा वेळ काय करत होता?"

मामांनी आबांकडं बघितलं. आबा सरबत पीत होते, त्यांचं लक्ष नव्हतं.

"चाळीस फुटांवर कातळ लागला," मामा हळू आवाजात म्हणाले. "गडी सोडून गेले. मग हे आणि ह्यांची मालकीण, दोघंच. ती टोपली घेऊन खाली होती तेव्हा झरा फुटला. तिनं ओंजळीनं पाणी पिऊन खालून हाक मारली, 'गोड हाय!' एवढीच गोष्ट आहे. ती गेल्यापासून हे खडा टाकतात आणि ऐकतात." त्यांनी चष्मा काढून पुसला. "चार मिनिटांची गोष्ट. इतकी वर्षं दर रविवारी मी तिच्यावर शिट्टी मारली."

मग त्यांनी माझं पेन घेतलं, आणि आपल्या सुंदर, तिरक्या अक्षरात लिहिलं. सुटले आठ. पोचले बारा. उशीर, एक तास पन्नास मिनिटं.

कारण, विहीर.